श्वासाची जागा

‘जीऽऽ जी रं जी…’

आवाज वरून यायचा, पण तो खालचा वाटायचा. आम्रपाली स्टेजच्या फळ्यांखाली गोधडीवर पडलेली असे, पाच-सहा वर्षांची. एप्रिलचा उकाडा, बोपोडीच्या मैदानात निळ्या पताका, जयंतीचा कार्यक्रम, आणि डोक्यावर दिगंबर शाहिरांचा जलसा ऐन रंगात आलेला. शाहिरांचा आवाज भोंग्यातून साऱ्या वस्तीवर पसरायचा, रेल्वेचे रूळ ओलांडून पलीकडे जायचा. फळ्यांखाली मात्र तो परक्या घरातल्या बोलण्यासारखा अर्धामुर्धा पोचायचा. थेट यायचा तो मागचा आवाज. बाबांचा. कोंडीराम झीलकरी शाहिरांच्या डाव्या खांद्यामागे उभे राहत, छातीशी तुणतुणं धरून, आणि शाहिरांची ओळ संपता संपता ती खालून अलगद उचलून धरत, जी जी करत, शाहिरांचा श्वास भरून होईस्तोवर. तो स्वर फळीत शिरायचा, फळीतून खांबात, खांबातून जमिनीत, आणि जमिनीतून गोधडीवर टेकलेल्या तिच्या बरगड्यांत. कानांना कळायच्या आधी तिच्या अंगाला कळायचा. वर गाणं कुणाचं चाललंय, कशाचं चाललंय, टाळ्या कुणाला पडतायत, हे तिला ठाऊक नसे. एवढंच ठाऊक असे, की तो आवाज आहे तोवर फळी मोडायची नाही. मग ती झोपून जायची.

तोच आवाज खराडीच्या ऑफिसात, आठव्या मजल्यावरच्या कँटीनमध्ये तिच्या कानात आला, तेव्हा हातातला घास हातातच राहिला. समोर आईने दिलेला डबा, मेथीची भाजी, दोन भाकऱ्या; काचेपलीकडे मुळा-मुठेच्या पात्रापर्यंत पसरलेलं पांढरट ऊन; बाजूच्या टेबलावर कुणाच्या तरी बढतीची पार्टी. कानांवर हेडफोन. निकिताने सकाळीच फायली पाठवल्या होत्या. निकिता म्हणजे त्यांच्या बँडचं ध्वनिमुद्रण करणारी मुलगी. मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी कसबा पेठेत, तांबट आळीला लागून असलेल्या एका जुन्या सभागृहात, समोर माणसं बसवून त्यांनी ते केलं होतं. चुकलं तरी थांबायचं नाही, जे होईल ते होईल. रविवार एवढ्यासाठीच, की त्या दिवशी आळीतले हातोडे गप्प असतात. बँड तिघांचा: साई सॅक्सोफोनवर, आयुष ड्रम्सवर, आणि मध्ये, माणसाहून उंच डबल बासला बिलगून, आम्रपाली. चाली तिच्या, बँड तिचा. तरी कुठेही गेलं की आयोजक साईच्याच हातात पुष्पगुच्छ देत आणि तिला विचारत, ‘तुम्ही यांच्याबरोबर का?’ ती ‘हो’ म्हणे. खोटं काय होतं त्यात?

चौथी चाल चालली होती. तिचं नाव तिने ‘खालची तळी’ ठेवलं होतं, आईच्या तोंडच्या एका ओवीवरून. आई ती आजही मिक्सर फिरवताना म्हणते, जातं जाऊन जमाना झाला तरी:

वरली तळी फिरे बाई, तिचा नाद गं घरभर
खालली निजून राही, सारा भार तिच्यावर

त्या चालीत एक जागा अशी होती, की सॅक्सोफोन थांबतो, ड्रम्स थांबतात, बास एकटाच जिने उतरल्यासारखा खाली खाली येतो, आणि शेवटच्या पायरीवर तोही थांबतो. मग काहीच नाही. एक लांब श्वासभर काहीच नाही. ती रिकामी जागा तिने महिनोन् महिने घोटली होती. स्वर घोटणं सोपं. न वाजवणं घोटायचं म्हणजे हातांना धीर शिकवावा लागतो. आणि आता हेडफोनमध्ये तीच जागा आली, आणि रिकामी नव्हती. मागून, खूप मागून, शेवटच्या रांगेतल्या भिंतीला पाठ लावून बसलेल्या कुणाच्या तरी छातीतून तो आवाज उठला, तिने सोडला होता नेमका तोच स्वर धरून. जीऽऽ. थकलेला, कडांनी फाटलेला, पण स्वराला तसूभरही न हललेला. तिच्या अंगावर काटा आला तो आधी, आणि बाबा आहेत हे कळलं ते नंतर. जुनाच क्रम.

बाबा तर आले नव्हते. ‘रविवारी बँकेत काम आहे,’ असं सांगून मोकळे झाले होते.

तिने पुन्हा ऐकलं. पुन्हा. मेथी गार झाली. तिसऱ्यांदा ऐकताना आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि तिचं तिलाच हसू आलं. त्या जागेनंतर तिने जे वाजवलं होतं ते तिने लिहिलेलं नव्हतंच. लिहिलेली ओळ वरून सुरू व्हायची होती. इथे तिची बोटं त्या आवाजाचा शेवट जिथे टेकला तिथूनच निघाली होती, जलशात झीलकऱ्याने धरून ठेवलेल्या स्वरातून शाहीर पुढची ओळ काढतात, अगदी तशी. त्या दिवशी डोळे मिटलेले होते, रक्त कानांत वाजत होतं. तिला वाटलं होतं बासचं लाकूडच घुमतंय. कार्यक्रम झाल्यावर साई म्हणाला होता, ‘ताई, तिथे काय मॅड केलंस तू! आधी सांगायचंस ना.’ तिला कळलं नव्हतं तो कशाबद्दल बोलतोय. तिला ठाऊक नव्हतं. हातांना ठाऊक होतं.

फोन वाजला. निकिता.

‘ताई, ऐकलंस? चौथ्या ट्रॅकमध्ये जरा इशू आहे गं. मागे कुणीतरी आजोबा एकदम गायलाच लागलेत.’

‘ऐकलं.’

‘ऑडियन्सच्या माइकमध्ये आलंय, थोडं तुझ्या बासच्या माइकमध्ये पण. कमी करू शकते, पण पूर्ण नाही जाणार. मध्यंतरानंतर परत वाजवलंत तो दुसऱ्या सेटचा टेक मात्र एकदम क्लीन आहे. तोच लावू का?’

‘साई काय म्हणतो?’

‘साईला क्लीनवालाच हवाय. त्यात त्याचा सोलो लांब आहे, हा योगायोग.’

आम्रपाली हसली. ‘आणि हाच ठेवायचा म्हटलं तर?’

‘ठेव की. तुझा रेकॉर्ड आहे. पण मग ते आजोबा कोण ते शोधावं लागेल. त्यांचा आवाज असा मोकळा वाजतोय तर त्यांना विचारायला नको? नाव द्यायला नको? सोमवारी सगळं पुढे पाठवायचंय हं. ओळखतेस का त्यांना?’

‘बघते,’ आम्रपाली म्हणाली.

ओळखते का! दुपारभर ती पडद्यावरच्या चौकटींकडे बघत राहिली, आणि आत कुठेतरी, लहानपणी मुठीत काजवा धरून घरी यायचं तसं काहीतरी जपून चालत राहिली. मूठ उघडायची नाही, उघडली तर उडेल. बाबा गायले होते. दिगंबर शाहीर करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले, त्यानंतर बाबा गायले नव्हते. शाहिरांना पोचवायला चार माणसंही जाऊ शकली नव्हती. बाबा दारात उभे राहिले, रुग्णवाहिकेचा आवाज विरेपर्यंत, आणि आत येऊन तुणतुणं खिळ्याला अडकवून म्हणाले, ‘झालं.’ एवढंच. ढोलकीवाले भैरूकाका पुढे दोनदा आले, म्हणाले, ‘कोंडीराम, नवीन पोरं हायत, चांगली गात्यात, ये मागं उभा राह्याला.’ बाबा म्हणाले, ‘गात्यात ना? मग गाऊ द्या. गाणारं येगळं, शाहीर येगळा.’ टीव्हीवर कुणाला शाहीर म्हटलेलं ऐकलं तरी ते आवाज बारीक करत. तो शब्द त्यांनी एका माणसासाठी वापरला होता आणि त्या माणसाबरोबर पाठवून दिला होता. जयंतीला ते आता मैदानात येत नसत. सकाळी विहारात वंदना करून हॅरिस पुलावर जाऊन उभे राहत, पाण्याकडे बघत. आणि तिच्या मनाला टोचणारी खरी गोष्ट ही, की त्यांच्या आवाजाची खूण कुठेच नव्हती. कॅसेटी होत्या घरात, दिगंबर शाहिरांचा फोटो असलेल्या. पण तेव्हा एकच माइक, तो शाहिरांच्या तोंडासमोर. मागचे आवाज त्या फितीवर यायचेच नाहीत. आले तरी कुणी धुकं म्हणून पुसावेत इतके पुसट. बाबांना त्याचं कधी काही वाटलेलं तिला दिसलं नाही. ‘झील ऐकू आली तर ती झील कसली,’ असं ते म्हणत, आणि जेवायला बसत.

तिला स्वतःला बास सापडला तोही असाच, मागून. कॅम्पातल्या एका हॉटेलात पहिल्या नोकरीची पार्टी होती. सगळे जेवणाच्या रांगेत. कोपऱ्यात एक बँड, गाणाऱ्या बाईच्या मागे एक टक्कल पडलेला माणूस भलंमोठं लाकूड मिठीत घेऊन उभा. ती ताट घेऊन जात होती, आणि फरशीतून चपलेत आणि चपलेतून पोटरीत काहीतरी चढलं. ती ताट घेऊन तिथेच थांबली. हा तर झीलकरी! हा इथे काय करतोय? पुढे दोन वर्षं ती दर शनिवारी त्यांच्याकडे शिकायला गेली. जुना बास घरी आणला तेव्हा सोसायटीची लिफ्ट त्याला लहान पडली, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाने ‘आत कोण आहे?’ असं विचारून आपल्यापरीने विनोद केला. आईने त्याच्याभोवती दोनदा फिरून माप घेतलं आणि आपल्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून त्याला अंगरखा केला. तेव्हापासून घरात त्याचं नाव ‘थोरली’. ‘थोरलीला भिंतीपासून सरकव, ओल येतीय.’ एकदा, ती तारा लावत असताना, जाता जाता बाबांनी तारांखालच्या घोडीवर बोट ठेवलं, तुणतुण्याची एकुलती तार तपासावी तसं, आणि म्हणाले, ‘खालचीला उतरू दे अजून.’ आणि गेले. तिने उतरवली. बरोबर होतं.

मग त्या रविवारी तिने पहिल्या रांगेत दोन खुर्च्या धरून ठेवल्या. एकीवर आई बसली, जांभळी इरकल नेसून, पर्स मांडीवर, तिकीट तपासनीस येणार असल्यासारखी ताठ. दुसरीवर आम्रपालीने आपली ओढणी टाकून ठेवली होती. आई म्हणाली, ‘तुझ्या बाबांना बँकेत जायचंय.’ आम्रपाली म्हणाली, ‘बरं.’ सुरू होताना कुणीतरी विचारलं, ‘ही रिकामी आहे का?’ आणि तिने ओढणी उचलून घेतली. त्या क्षणी तिला वाटलं होतं, ठीक आहे. रिकामी जागाच वाजवायची आहे आज, तर ती हीच समजू. आणि वाजवायला उभी राहिली, आणि खरंच चांगलं वाजलं. तेव्हा माहीत नव्हतं, की ती खुर्चीवरची ओढणी उचलतेय तेव्हा शेवटच्या रांगेत, खांबाआड, इस्त्रीचा सदरा घातलेला एक माणूस हळूच येऊन बसलाय.

दोन दिवस तिने विचारलं नाही. शुक्रवार गेला, शनिवार गेला. आठ वर्षांच्या पोरीसारखी ती बाबांच्या हालचाली बघत राहिली. ते दाढी करताना बघितलं. पेपर वाचताना ओठ हलतात ते बघितलं. नळाखाली भांडं भरताना ते पाण्याच्या आवाजाबरोबर घशात काहीतरी घुमवतात की काय म्हणून दाराशी थांबून ऐकलं, आणि ते वळले तेव्हा उगाच कप विसळला. घरात सगळं नेहमीचं होतं, आणि त्या नेहमीच्याला कुठूनसा गोडवा चढला होता. पण विचारायचं कसं? विचारलं आणि ते ओशाळले तर? आपण पोरीचं काम नासवलं असं त्यांना वाटलं तर? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, ‘मी नव्हतो’ म्हणाले तर? मग तो आवाज कुणाचाच राहणार नव्हता. कुणाचाच नसलेला आवाज ठेवायचा कसा? दुसरा, स्वच्छ टेक जाणार, आणि बाबांचा जगात एकदाच माइकमध्ये सापडलेला आवाज निकिता एका बोटाने पुसून टाकणार. शनिवारी संध्याकाळी तिने थोरलीचा अंगरखा काढला आणि ती जागा वाजवून पाहिली. उतरत उतरत खाली आली, थांबली. आतल्या खोलीत बाबा होते. तिने श्वास धरला. खोलीतून काही आलं नाही. फक्त वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला, आणि तोही जरा उशिरा आला, असं तिला वाटलं.

रविवारी सकाळी आई लसूण सोलत बसली होती. बाबा खिडकीपाशी खुर्चीत. आम्रपालीने छोटा स्पीकर टेबलावर ठेवला आणि पाठ करून ठेवलेलं वाक्य म्हटलं, ‘बाबा, रेकॉर्ड आलाय. एक चाल ऐकता का?’

‘वाजव. घरातच हाय मी. कुठं जातो?’

‘आज बँक नाही वाटतं,’ आई लसणाला म्हणाली.

चाल सुरू झाली. सॅक्सोफोन, ड्रम्स, मग दोघंही गेले. बास जिना उतरू लागला. आम्रपाली बाबांकडे बघत नव्हती. ती त्यांच्या पायांकडे बघत होती. उजव्या पायाचा अंगठा चपलेत वर उचलला गेला होता आणि तसाच राहिला होता. शेवटची पायरी. शांतता. आणि स्पीकरमधून, मागून, जीऽऽ.

आईची सुरी थांबली.

खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. चाल पुढे गेली, वळली, संपली, टाळ्या झाल्या. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

‘बरं झालंय,’ ते म्हणाले. आणि तिकडेच बघत, ‘कोण गं तो म्हातारा मधीच?’

‘मागे कुणीतरी बसलं होतं.’

‘काय लोक असत्यात! गप बसून ऐकायचं सोडून. एवढं तुमचं काम चाललंय, आन्‌ ह्याचं आपलं मधीच जी जी.’

‘असंल एखादा,’ आई म्हणाली. ‘घरनं इस्त्रीचा सदरा घालून बंद बँकेत गेलेला.’

‘विमल, तू गप.’

‘मी महिनाभर गपच हाय की. पुढं बसले व्हते म्हणून काय झालं? कान मागंच व्हते माझे.’

आम्रपालीने आईकडे पाहिलं. आईने तिच्याकडे न बघता लसणाची पाकळी नखाने सोलली. महिनाभर! हिला माहीत होतं, आणि ही रोज डबा भरून देत होती, तोंडातून अवाक्षर न काढता. ह्या घरात सगळेच झीलकरी.

‘निकिता म्हणते, तो आवाज काढता येईल,’ आम्रपाली हळूच म्हणाली. ‘म्हणजे दुसरं वाजवलेलं आहे आमच्याकडे, त्यात तो नाहीच. उद्या द्यायचंय. ठेवायचा तर त्या माणसाला विचारावं लागेल, आणि तो माणूस कोण ते मला ठाऊक नाही. मग काढू?’

‘काढ की,’ बाबा म्हणाले. ‘उगाच डाग कशाला?’

तिने फोन उचलला. निकिताचं नाव काढलं. ‘क्लीनवाला लाव’ एवढे शब्द तिने लिहिले, सावकाश, दिसतील असे. पाठवायचं बटण तेवढं राहिलं होतं.

‘थांब,’ बाबा म्हणाले.

ते उठले. खिळ्याला अडकवलेलं तुणतुणं त्यांनी काढलं नाही; नुसती त्याच्यावरची धूळ तळव्याने पुसली, आणि तळवा धोतराला पुसत तिच्याकडे पाठ करूनच बोलू लागले.

‘यायचंच नव्हतं मला. दिगंबर गेल्याव कुठल्या गाण्याला बसायचं नाय, असं ठरवलं व्हतं. म्हनलं, दाराशी उभं राहू, पोरगी कशी उभी राहती तेवढं बघू आन्‌ जाऊ. मग बसलो. तोंडाव हात ठिवून बसलो व्हतो, आमू, खरं सांगतो. तू खाली येत व्हतीस, येत व्हतीस, आन्‌ एकाएकी सोडूनच दिलंस. एवढी मोठी जागा! म्हनलं, पडली पोरगी. हात कधी निघाला, तोंड कधी उघडलं, मला ठावं नाय.’

‘मी पडले नव्हते, बाबा. मुद्दाम सोडली होती ती जागा. रिकामी ठेवायची होती.’

ते वळले. पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे पाहिलं, नवलाने, आणि थोडं रागानेही.

‘रिकामी? ती कशापायी? मागं माणूस बसलाय की.’

आई मान खाली घालून हसत होती की काय करत होती, कळत नव्हतं. लसूण डोळ्यांत जातो का? आम्रपालीने लिहिलेले शब्द एकेक करून पुसले. थोडी मोठी झाल्यावर स्टेजसमोर बसून दर जलशात बघितलेलं, विसरलेलं तिला आठवलं: श्वास घ्यायच्या आधी दिगंबर शाहीर डाव्या खांद्यावरून एकदा मागे बघत, क्षणभरच, आणि बाबा मान हलवत, आणि मगच शाहीर ओळ सोडत. लोकांना वाटायचं, ती शाहिरांची ऐट आहे.

‘मग ठेवू?’ तिने विचारलं. ‘नाव घालावं लागेल. कोंडीराम, झील. असं.’

बाबा पुन्हा खुर्चीत बसले. चपलेतला अंगठा आता खाली आला होता. त्यांनी घसा साफ केला, खिडकीकडे पाहिलं, मग थोरलीकडे, गोधडीच्या अंगरख्यात भिंतीशी उभ्या असलेल्या.

‘घाल,’ ते म्हणाले. ‘पण फुडल्या टायमाला असा दम घ्यायचा असला, तर आधी मागं बघत जा, शाहीर.’